एका पिठाच्या भाकरी: ऐक्याचा सप्ताह कसा करावा

मी मिरजेची. चौतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची बारा ड्रेसिंग रूममध्ये, बहुतेक मधुमेहाचे पाय. आता निवृत्त आहे आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला सभेचं काम बघते. जानेवारीतला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह आम्ही इथल्या पाच-सहा मंडळ्या मिळून करतो. विटा, पलूस, जतकडच्या बायका विचारतात, आमच्याकडं करायचं तर कसं करायचं? फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

कागद-पेन घेण्याआधी महिला सभेत एक प्रश्न विचारा. गावातल्या दुसऱ्या मंडळीत शेवटचं मयत कुणाचं झालं, आणि ते आपल्याला कितव्या दिवशी कळलं? आमच्या सभेत विचारलं तेव्हा एक बाई म्हणाली, "कळलंच नाही." मागच्या गल्लीतलं मयत होतं.

ड्रेसिंग रूममध्ये एक आजोबा आले होते. पायात बाभळीचा काटा मोडून आठवडा झालेला, तळवा पिकलेला, आणि मुलगाच जबरदस्तीनं घेऊन आलेला. आजोबांचं एकच पालुपद, "दुखत नाही ओ सिस्टर, कशाला एवढं?" दुखत नव्हतं हीच तर भीती. पाय अंगालाच होता, त्यात रक्तही जात होतं, फक्त तिथली खबर वर येत नव्हती. बायबलात करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की एक अवयव दुखला तर सगळे अवयव दुखतात. मी ते वाचते तेव्हा मला तो पाय दिसतो. आपल्या मंडळ्या तुटलेल्या नाहीत, बधिर झाल्यात. इलाज करायचा तो बधिरपणावर.

हे आधी डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर सगळा सप्ताह वाया जातो. मरणाच्या आदल्या रात्री "त्या सर्वांनी एक व्हावे" असं येशूनं मागितलं ते बापापाशी. शिष्यांची कमिटी नेमून ते काम तिच्याकडं दिलं नाही. इफिसच्या पत्रातही पौल आत्म्याचं ऐक्य 'राखायला' झटा म्हणतो. राखायचं म्हणजे ते आधीच आहे. ख्रिस्ताच्या ठायी जो आला तो त्याच्याशी जोडला गेला, आणि त्याच्याशी जोडलेल्या बाकी सगळ्यांशीही जोडला गेला. मग त्याला ते आवडो की न आवडो.

माझा भाऊ तासगाव भागात द्राक्षबाग करतो. आता सगळीकडं आधी डॉगरिजचे खुंट लावतात आणि पावसाळा सरता सरता त्यावर पाचर कलम भरतात. खाली रानटी जातीचं मूळ, वर थॉमसन नाहीतर सोनाका. एकदा तो कलमाला पट्टी बांधत होता आणि मी बांधावर बसून योहानाचा 15 वा अध्याय त्याला ऐकवत होते, मी द्राक्षवेल, तुम्ही फांद्या. मला वाटलं खूश होईल. तो म्हणाला, "अक्का, पट्टी मी बांधतो. जोड काय मी करत नाही. तो आतला रस करतो. मी फक्त हलू देत नाही." पुढं म्हणाला, "आणि पट्टी ढिली राहिली तर रस तरी काय करणार?" आपल्या सप्ताहाची कामं ही पट्टी बांधण्याची कामं आहेत, असं धरून पुढचं वाचा.

तारखा ठरलेल्याच आहेत, 18 ते 25 जानेवारी. शेवटचा दिवस पौलाच्या मनपरिवर्तनाचा. ही प्रथा 1908 साली अमेरिकेत सुरू झाली. पॉल वॉटसन या अँग्लिकन धर्मगुरूंनी ती काढली आणि पुढच्याच वर्षी ते स्वतः कॅथलिक झाले. 1968 पासून दर वर्षाचा विषय आणि वचनं जागतिक चर्च परिषद आणि व्हॅटिकन मिळून तयार करतात. म्हणून "हे त्यांचं आहे, आपलं नाही" असं कुणी म्हणालं तर हा इतिहास सांगायचा. आठही दिवस करायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. जानेवारीत आपल्याकडं द्राक्षांची तोडणी सुरू होते, ऊस चालू असतो, माणसं रानात असतात. तीन संध्याकाळी पुष्कळ झाल्या, आणि वेळ सातच्या आत नको.

आता आमची फजिती सांगते. पहिल्या वर्षी पुरुषमंडळींनी ठरवलं. फ्लेक्स छापला, त्यावर सगळ्या पाळकांचे फोटो. कुणाचा फोटो मोठा, कुणाचं नाव आधी, यावरून दोन मंडळ्या आठवडाभर रुसल्या. स्टेजवर नऊ खुर्च्या. हार, शाल, नारळ. प्रत्येकाला 'दोन शब्द' दिले, ते साडेनऊपर्यंत चालले. पाच मंडळ्यांची माणसं पाच गटांत बसली आणि तशीच उठून गेली. ऐक्यावर सात भाषणं झाली, पण मी शेजारच्या बाईचं नावसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही बायकांनी हे स्वयंपाकघराच्या बाजूनं सुरू केलं.

कसं, ते ऐका. संक्रांत आदल्या आठवड्यात येते. आमंत्रणपत्रिका छापू नका. तिळगुळाचा डबा घ्या, दोघीतिघी मिळून निघा आणि प्रत्येक मंडळीच्या पाळकांच्या घरी जा. आधी पाळकीणबाईंशी बोला. पाळकांना विचारलं की ते म्हणतात "कमिटीपुढं ठेवतो", आणि कमिटीपुढं ठेवलेलं तिथंच राहतं. पाळकीणबाईंना विचारलं की त्या विचारतात, "किती माणसांचा स्वयंपाक?" कॅथलिकांकडं फादरना भेटालच, पण कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनाही भेटा. ज्यांच्याशी आपल्या मंडळीचं जुनं वाकडं आहे त्यांच्याकडं सगळ्यात आधी जा, डबा भरलेला असताना. तिळगूळ ख्रिस्ती नाही म्हणून नाकं मुरडणारे भेटतील. त्यांच्यासाठी भडंग न्या, सांगलीत त्याला कुणी नाही म्हणत नाही.

निघताना कोण कुठून आलंय याची थोडी माहिती हवी. आपल्याकडचे निम्मे भेद विश्वासाचे नसून नकाशाचे आहेत. कोल्हापूर, सांगली, मिरज हा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा पट्टा. डॉ. वानलेस त्यांचेच, ते 1889 ला हिंदुस्थानात आले आणि 1894 ला मिरजेत त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. सातारा आणि वाई अमेरिकन मराठी मिशनकडं, ते काँग्रिगेशनल. माझं माहेर यातलं पहिलं, सासर दुसरं. आमच्याकडं वडीलमंडळ, म्हणजे मंडळीतले नेमलेले जाणते, ठरवणार, त्यांच्याकडं सभासदांची सभा. 1924 ला हे दोन्ही प्रवाह एका चर्चमध्ये आले. पुढं 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बिशप मानणारे आले, न मानणारे आले, लेकरांना बाप्तिस्मा देणारे आले, आणि समज आल्यावरच द्यावा म्हणणारे बॅप्टिस्टही आले. दोन्ही पद्धती तिथं ठेवल्या. माझे सासरे म्हणायचे, "कागदावर एक झालो, आता चहाला कधी बोलावताय?"

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. उत्साहाच्या भरात एकत्र प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, ठेवू नका. प्रभुभोजन हेच ऐक्याचं चिन्ह हे खरं, आणि म्हणूनच तिथं जखम उघडी पडते. कॅथलिक चर्चच्या नियमानं त्यांच्या माणसांना आपल्या टेबलावर घेता येत नाही, आणि आपल्यालाही त्यांच्या मिस्सात, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, सहसा घेता येत नाही. मुक्तिफौजेचे लोक तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी पाळतच नाहीत. पेंटेकॉस्टल भावांपैकी काहींना बुडवून घेतलेला बाप्तिस्माच खरा वाटतो. कुणी द्राक्षांचा साधा रस वापरतं, कुणी वाईन. एका संध्याकाळी तुम्ही हे सोडवणार नाही. उलट कुणीतरी हात मागं घेईल आणि शेजारी बसलेल्याला ते वर्षभर आठवत राहील. त्याचं दुःख वाटू द्या, झाकू नका. प्रार्थनेत मोकळेपणानं म्हणा की प्रभू, आम्ही अजून एका टेबलावर येऊ शकत नाही. आमच्याकडं एका सिस्टरनं हे वाक्य म्हटलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी रडलं. प्रभुभोजन नाही जमलं तर प्रीतिभोजन करा, म्हणजे सगळ्यांचं साधं एकत्र जेवण. त्याला कुणाच्या नियमाची आडकाठी नाही.

प्रीतिभोजनाच्या भाकरीची आमची पद्धत अशी. प्रत्येक मंडळीनं ज्वारी आणायची. पीठ नको, ज्वारीच, तीही वेगवेगळ्या घरांतून मूठ-मूठ गोळा केलेली. ती सगळी एका पोत्यात ओतायची. त्याच दिवशी दुपारी गिरणीत न्यायची, आदल्या आठवड्यात नव्हे. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात आणि भाकरी तव्यावर टाकताना हातातच मोडते. तरी एखाद्या घरची ज्वारी जुनी निघतेच. मग पाणी चांगलं उकळतं घ्यायचं, पीठ त्यात थोडा वेळ मुरू द्यायचं आणि मग जोर लावून मळायचं. किलोला दहा-बारा भाकरी धरा. शंभर माणसांना बारा-तेरा किलो पीठ, आणि चुली तीन. प्रत्येक चुलीवर दोन वेगवेगळ्या मंडळ्यांच्या बायका, एक थापायला आणि एक भाजायला. ही जोडी चिठ्ठ्या टाकून ठरवा. मी पहिल्या वर्षी ज्यांच्याबरोबर भाकरी थापल्या त्या पेंटेकॉस्टल मंडळीच्या बाई होत्या. दोन तासांत आम्ही अन्य भाषा बोलण्याच्या वरदानावर एक शब्द बोललो नाही, पण त्यांच्या सुनेचं बाळंतपण कसं अवघड गेलं ते सगळं मला कळलं. मी दुसऱ्या दिवशी बाळ बघायला गेले.

सोबत वांग्याचा रस्सा, ठेचा, भात आणि शेवटी खीर. मटण नको. कुणी शुक्रवार पाळतं, कुणी खात नाही, आणि मटण आलं की पैशाचा हिशेब आणि तुकड्यांची मोजणी येते.

आता ताटाभोवतीचं. इथं थांबून वाचा, कारण खरी परीक्षा इथं असते. करिंथच्या मंडळीवर पौल चिडला तो तत्त्वज्ञानावरून नाही, जेवणावरून. पैसेवाले आधी येऊन खाऊन घेत आणि कष्टकरी उशिरा आले की उपाशी राहत. 11 वा अध्याय काढून बघा. आपल्याकडं करिंथच्या पैशाची जागा जातीनं घेतली. बाप्तिस्मा घेतला, नावं बदलली, पण पाण्याचा तांब्या कुणी भरायचा हे कित्येक ठिकाणी आपोआप ठरलेलंच राहिलं. आमच्या पहिल्या प्रीतिभोजनात मी वाढून झाल्यावर मागं गेले तर भांडी घासायला ज्या सहा बायका बसल्या होत्या त्या सगळ्या एकाच वस्तीतल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगावं लागलं नव्हतं, हेच वाईट. ऐक्याचं गीत आत चालू होतं आणि मागं नळावर आपली जुनी व्यवस्था उकिडवी बसून राख घासत होती. 2013 चं सप्ताहाचं साहित्य भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटनं तयार केलं होतं आणि त्यांनी नेमका हाच विषय घेतला होता, मीखा संदेष्ट्याचं वचन आणि दलितांवरचा अन्याय. म्हणजे जगभरच्या मंडळ्यांनी त्या वर्षी आपल्या नळाबद्दल प्रार्थना केली.

तेव्हापासून आमचा नियम: भांडी कमिटीवाले घासणार. पाळक, वडील, खजिनदार, सेक्रेटरी. नियम नोटीस बोर्डावर लावू नका, सरळ साबणाचा डबा हातात द्या. आमच्या वडीलमंडळातल्या एकानं पहिल्यांदा टोप घासला तेव्हा तो आम्ही नंतर पुन्हा घासला, ते सोडा.

सोयरिकीचा विषयही निघतो, निघू द्या. एक बाई मला म्हणाल्या, "ताई, भाकरी एकत्र खाऊ, पण मुलगी?" मी त्यांना उत्तर दिलं नाही. माझ्या घरातही तो विषय सहज गेलेला नाही.

बसण्याची व्यवस्था करताना स्टेज काढून टाका, सगळ्यांना जमिनीवर सतरंजी. दारात चार रंगांच्या चिठ्ठ्या द्या आणि रंगाप्रमाणं बसवा, म्हणजे घरचे-घरचे एकत्र बसत नाहीत. म्हाताऱ्यांना भिंतीकडेला खुर्च्या. स्पीकर आतल्यापुरताच.

प्रार्थना पाऊण तास, त्यापेक्षा जास्त नाही. उपदेश एकच, दहा मिनिटांचा, आणि तो यजमान मंडळीच्या पाळकांनी करायचा नाही. गाण्याला पेटी, टाळ, ढोलकी. तरुण पोरं कीबोर्ड आणतात, आणू द्या, पण पहिलं भजन टाळावर झालं की म्हातारे आणि पोरं दोघंही सैल होतात. प्रभूच्या प्रार्थनेची मात्र आधी तयारी करा. आमच्याकडं पहिल्या वर्षी सगळे जोरात म्हणत होते, "वाईटापासून सोडव" पर्यंत आलो आणि कॅथलिक बंधू तिथंच थांबले, कारण त्यांच्याकडं 'राज्य, पराक्रम, गौरव' हा भाग तिथं लागून येत नाही. आम्ही पुढं रेटत राहिलो आणि ते बिचारे खाली मान घालून उभे. शब्दही थोडे वेगळे. आता एक वर्ष त्यांच्या शब्दांत म्हणतो, एक वर्ष आमच्या, आणि ते कागदावर मोठ्या अक्षरांत देतो.

मोकळ्या प्रार्थनेचाही असाच घोळ होतो. पेंटेकॉस्टल मंडळी सगळी एकदम मोठ्यानं करते, आमच्यातल्यांना ती गर्दी वाटते. आमची शांतता त्यांना झोप वाटते. तीन मिनिटं सगळ्यांनी एकदम मोठ्यानं, मग तीन मिनिटं कुणी चकार शब्द नाही, असं आम्ही करतो. दोन्हीकडच्यांना तीन मिनिटं अवघडायला होतं, म्हणजे बरोबर वाटणी झाली.

यात एक गोष्ट सोडू नका. प्रत्येक मंडळीनं दुसऱ्या एका मंडळीसाठी नावं घेऊन प्रार्थना करायची. "आमच्या इतर बंधुभगिनींना आशीर्वाद दे" हे चालणार नाही. आधी त्यांच्याकडं जाऊन विचारावं लागतं की आजारी कोण, कुणाच्या पोराला नोकरी नाही, कुणाचं कर्ज थकलंय. हे विचारायला जाणं म्हणजेच अर्धी प्रार्थना झाली, आणि बधिर पायाला पहिली मुंगी येते ती इथं.

येशूला मानतात पण बाप्तिस्मा घेतला नाही, असेही लोक येतात. त्यांना कुठं बसवायचं यावर चर्चा करू नका, रंगीत चिठ्ठी द्या. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र असावेत अशी त्यांची कल्पना होती. 9 मे 1919 ला ते गेले, दरबाराला दोन वर्षंच मिळाली. सासर साताऱ्याचं असल्यानं आमच्या घरात हा विषय निघाला की सासरे आणि त्यांचे भाऊ भांडायचे. एक म्हणायचे टिळक काळाच्या पुढं होते, दुसरे म्हणायचे मंडळीची शिस्त मोडली. मी कुणाच्या बाजूची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण जेवणाच्या पंगतीत मी टिळकांच्या बाजूची.

25 तारखेला सतरंज्या गुंडाळल्या की काम संपलं असं समजू नका. पट्टी काढायची घाई केली तर कलम हलतं. आमच्याकडं जे चालू राहिलं ते म्हणजे डब्याची वही. मिरजेला इस्पितळं भरपूर, त्यामुळं जत, कवठे महांकाळ, थेट कर्नाटकातून अथणीकडचे पेशंट येतात. नातेवाईक खाली पायरीवर झोपतात. त्यात ख्रिस्ती असले तरी त्यांची मंडळी इथं असेलच असं नाही, आणि पूर्वी "ते आमच्यातले नाहीत" म्हणून कुणीच जायचं नाही. आता एक वही आहे. ती एका घरी ठेवलेली असते, दर महिन्याला घर बदलतं. तीत वॉर्ड, खाट, जेवणाचं पथ्य, सकाळचा डबा कुणाचा, संध्याकाळचा कुणाचा. पेशंट कुठल्याही धर्माचा असला तरी शेजारच्या खाटेला डबा चुकवायचा नाही, एवढं आम्ही आपसांत ठरवलंय.

वही करताना माझ्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी पट्टी घेऊन रकाने आखले त्यात एक 'मंडळी' असा रकाना ठेवला होता. तीन महिन्यांनी वही माझ्याकडं परत आली तेव्हा तो रकाना पहिल्या पानानंतर कोरा होता. कुणी मुद्दाम टाळला नव्हता, घाईत डबा लिहिताना तेवढं लिहायला कुणाला सुचलं नाही. पुढच्या वहीत मी त्या जागी 'मीठ कमी' असा रकाना आखला. तो मात्र रोज लागतो. वही दोनशे पानी घ्या, शंभर पानी मार्चपर्यंत संपते.